रात्रीचे कपडे

मास्तरांनी पायजम्याचा एक पाय दुसऱ्यावर ठेवला, शिवणीला शिवण जुळवली आणि बॅगेत हात घालून तळाशी दडवलेला काळा शर्ट पुन्हा बाहेर काढला. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती. शर्ट मेहुण्याचा, दडवणारी बायको, आणि बॅग नक्की कुणाची याबद्दल घरात एकमत उरलेलं नव्हतं.

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली. "चावतोय का तो?"

"चावत नाही. कागदात नाही."

पलंगाच्या कडेला बसलेल्या मेहुण्याने हे ऐकून डोळे मिटले. मेहुणा फ्रीज दुरुस्त करायचा. सहा वर्षांपूर्वी कंपनीने त्याला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला परदेशी पाठवलं होतं, आणि तो अजून पुरता परतलेला नव्हता. दर चार वाक्यांनंतर 'तिकडे' म्हणायचा. तिकडे नळाचं पाणी वेगळं होतं, तिकडे कुत्री भुंकत नव्हती. आता तर दाजी स्वतःच तिकडे निघाले होते, तेव्हा त्याच्या ज्ञानाला ऊत येणं साहजिक होतं.

"दाजी, नीट ऐका. रात्री बाहेर पडायचं तर काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. बूट चामड्याचे. खेळायचे बूट घातले की दारावरूनच परत."

"वकिलासारखं?"

"तिकडे रात्री सगळे वकिलासारखेच दिसतात. म्हणून तर आत दिवे बंद ठेवतात. खिशात जास्त काही ठेवायचं नाही. पासपोर्टची झेरॉक्स एका मोज्यात, हॉटेलचा पत्ता दुसऱ्या मोज्यात."

"आणि पाय?"

"दाजी, मी मस्करी करत नाहीये."

"मीही नाही. पाय कुठं घालायचे, ते सांग."

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मेहुण्याने हार मानली नाही. अत्तर दोनच थेंब, पट्टा बुटाच्या रंगाचा, एक हलकं जाकीट, कारण आत घाम आणि बाहेर थंडी. हे सगळं तो बोटांवर मोजत होता. हा अनुभव त्याने नेमका कुठे मिळवला, हे घरात कुणी विचारत नसे. एकदाच, फार पूर्वी, त्याच्या तोंडून निघून गेलं होतं की दारावरचा माणूस तसा सभ्य होता, फक्त बुटांकडे बघत राहिला.

मास्तरांनी पायजमा बॅगेत ठेवला. त्यावर त्याच कापडाचा सदरा ठेवला. गडद जांभळट लाल रंग, कॉलरला आणि खिशाला पांढऱ्या पाइपिंगची किनार, पाच बटणं. ते बावीस वर्षं ज्या कारखान्यात कटिंगमास्तर होते, तिथे हेच तयार होई: नाइट सूट. जगभरातली माणसं मास्तरांनी कापलेल्या कपड्यांत झोपत होती. मास्तर स्वतः मात्र जुन्या लुंगीत झोपायचे.

"आता शेवटचं विचारतो," मेहुणा म्हणाला. "तुम्ही ते सहलीचं पत्रक नीट वाचलंय ना?"

मास्तरांनी खिशातून पत्रक काढून दिलं. घडीवर घडी घालून ते तिकिटाएवढं झालं होतं. मेहुण्याने मोठ्याने वाचलं.

"कलम सात. पुरुष कर्मचाऱ्यांनी रात्रीच्या कार्यक्रमासाठी रात्रीचे कपडे सोबत आणावेत. ते स्वच्छ व इस्त्री केलेले असावेत. कपड्यांबाबत कोणीही स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ नये." त्याने मान वर केली. "दाजी, चूक आहे ही. त्याला रात्री बाहेर जायचे कपडे म्हणायचंय. पार्टीचे."

"असेल."

"असेल काय? आहेच! नाइट सूट घालून नाचायला जातं का कोणी?"

"त्याला काय म्हणायचंय ते मी कापत नाही," मास्तर म्हणाले. "लिहिलंय काय, ते कापतो."

आणि त्यांनी बॅगेची चेन लावली.

पत्रक लिहिणारा हा 'तो' म्हणजे कारखान्याचे छोटे साहेब. मालकांचे पुतणे, वय एकतीस. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त लिहायला आवडायचं. पाण्याच्या टाकीजवळ पाणी कसं प्यावं याची सूचना होती. जिन्यावर 'जिना' अशी पाटी होती. एकदा सूचना फलकावर सूचना लावण्याबाबत सूचना लागली, तेव्हापासून कारखान्यात त्यांना मागून सगळे 'परिपत्रक' म्हणत.

चौदा महिन्यांपूर्वी परिपत्रकांनी एका नव्या पायजम्याचा कागद स्वतः तयार करून खाली पाठवला. कापडाच्या थरावर जो आखीव नकाशा पसरून कापायचं, त्याला तिथे कागद म्हणत. मास्तरांनी तो टेबलावर पसरला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. पुढचे दोन्ही पाय डावे होते. तसं कापलं असतं तर बाराशे पायजमे दोन डाव्या पायांच्या माणसांसाठी तयार झाले असते, आणि अशी माणसं जगात असली तरी एवढी एका गावात सापडणं कठीण. मास्तर वर विचारायला गेले. साहेब मीटिंगमध्ये होते. मशीनवरच्या चाळीस बायका कापडाची वाट बघत होत्या. मास्तरांनी एक पाय उलटा ठेवला आणि कापलं.

बाराशे पायजमे गेले. नीट बसले. तक्रार आली नाही. आली ती तपासणी: मूळ कागद आणि कापलेला माल जुळत नाही, बदलाची लेखी परवानगी कुठे आहे? कागद चुकला होता असं लिहायचं, तर कागद कुणी केला हेही लिहावं लागलं असतं. मग परिपत्रकांनी संगणकावर एक माफीनामा टाइप केला. मास्तरांनी साहेबांच्या कागदात स्वतःच्या बुद्धीने फेरफार केला, त्याचा त्यांना खेद आहे, आणि पुढे ते स्वतःची बुद्धी वापरणार नाहीत, अशा अर्थाचा. मास्तरांनी खाली सही केली. थोरल्या लेकीच्या कोर्सचं ते शेवटचं वर्ष होतं.

माफीनामा फाटकाजवळच्या फलकावर, काचेमागे लागला. दोन आठवड्यांसाठी म्हणून लागला आणि राहिला. मास्तरांनी एकदा विचारलं होतं. साहेब म्हणाले, बघू. मग वर्षाचा हिशोब झाला, सगळ्यांत कमी कापड वाया घालवणारा माणूस म्हणून मास्तर पहिले आले, आणि परदेश सहलीच्या विजेत्यांची यादी त्याच फलकावर लागली. एकाच काचेमागे डावीकडे मास्तरांची लाज, उजवीकडे मास्तरांचा मान, आणि मध्ये अग्निशमनाचा क्रमांक.

एवढं चाललं असतं. मास्तरांनी फाटकातून जाताना उजवीकडे बघायची सवय लावून घेतली होती. पण थोरलीला नोकरी लागली. त्याच कारखान्यात, कागद बनवण्याच्या विभागात, पहिल्या तारखेपासून. फाटक एकच होतं, आणि थोरलीला जिथे अक्षर दिसेल तिथे थांबून वाचायची लहानपणापासून खोड. त्या माफीनाम्याविषयी मास्तर घरात एक शब्द बोलले नव्हते. आता ती पहिल्याच दिवशी तिथे उभी राहून वाचणार, की आपला बाप बुद्धी न वापरण्याचं वचन देऊन बसलाय.

थोरली खोलीत आली तेव्हा मेहुणा काळा शर्ट बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबत होता.

"मामा, कप्पा फाटेल."

"तुझा बाप नाइट सूट घालून परदेशात नाचायला चाललाय, तुला कप्प्याची पडलीय."

थोरली हसली. त्या नाइट सूटचा कागद तिनेच केला होता, परीक्षेसाठी. मास्तरांनी तो रेघभरही न हलवता कापला होता. मागच्या कॉलरला पाव इंच कमी पडत होता, तोही तसाच.

"छान दिसेल बाबांना," ती म्हणाली. "पण बाबा, चप्पल नको. बूट घाला."

"बूट घालीन," मास्तर म्हणाले. "बुटांबद्दल कागदात काही नाही."

*

परदेशात पोचल्यावर पहिले तीन दिवस काही विशेष घडलं नाही. एक पूल पाहिला, एक मोठा चौक पाहिला, आणि पुलावरून तोच चौक पुन्हा पाहिला. सहलीला साहेबांसकट पाच जण होते. मास्तरांच्या खोलीत इस्त्री विभागाचा माणूस होता, ज्याला सगळे वाफ म्हणत. दिवसाला नऊशे कपडे इस्त्री करणारा हा माणूस चौथ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या इस्त्रीपुढे उभा राहिला, स्वतःच्या एकुलत्या एक काळ्या शर्टावर ती ठेवली आणि तीन सेकंदांत पाठीवर त्रिकोणी खिडकी पाडली.

"हिला वाफच नाही, मास्तर," तो खिडकीतून मास्तरांकडे बघत म्हणाला. "नुसतीच आग आहे."

मास्तरांनी बाहेरच्या कप्प्यातून मेहुण्याचा शर्ट काढून त्याला दिला. वाफने तो घातला, आरशात पाहिलं, आणि मग काही न विचारता मास्तरांचा पायजमा पसरला. इस्त्री थोडी गार होऊ दिली. खाली टॉवेल घातला, वर ओला रुमाल. दोन्ही पायांवर अशी धार काढली की पायजमा भिंतीला टेकून उभा राहिला असता.

"मास्तर," तो म्हणाला, "साहेब फुटणार."

"कागदाप्रमाणं आहे."

"म्हणून तर फुटणार."

साडेआठला सगळे खाली जमले. हॉटेलच्या दारापाशी एक खुर्ची, एक कुंडी आणि परिपत्रक होते. परिपत्रक काळ्या कोटात होते आणि हातातल्या यादीवर टिकमार्क करत होते. पॅकिंगचा माणूस आला, टिकमार्क. काजबटणवाला आला, टिकमार्क. वाफ आला, टिकमार्क. मग लिफ्टचं दार उघडलं आणि मास्तर आले. गडद जांभळट लाल, पांढरी पाइपिंग, वरपर्यंत लावलेली पाच बटणं, खाली पॉलिश केलेले काळे बूट. केस पाणी लावून चापून बसवलेले. पेन तसंच हवेत राहिलं.

"मास्तर, आपल्याला निघायचंय."

"मी तयार आहे."

"म्हणजे, कपडे बदलून या."

"बदलूनच आलोय, साहेब. हे रात्रीचे आहेत."

परिपत्रकांनी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. तिघंही कुंडीकडे बघत होते. कुंडीत बघण्यासारखं काही नव्हतं, त्यातलं झाडही प्लास्टिकचं होतं, पण तिघांना ते एकाएकी फार आवडलं होतं.

"मास्तर, प्लीज. आज ग्राहक कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांनी मुद्दाम सांगितलंय, कापणाऱ्या माणसाला भेटायचंय. त्यांच्याकडे म्हणे आपल्यासारखा पायजमा कुणाचाच बसत नाही. आणि तुम्ही त्यांना पायजम्यात भेटणार?"

"त्यांना बसलेला बघायला मिळेल."

वाफला ठसका लागला.

"हे कुठं लिहिलं होतं मी?" परिपत्रक म्हणाले. आवाज जरा चढला होता. मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून ती तिकिटाएवढी घडी काढली आणि उलगडू लागले. ती उलगडायला बराच वेळ लागला. शेवटी कलम सात उघडं पडलं तेव्हा परिपत्रकांनी ते दोनदा वाचलं. आपलंच अपत्य रस्त्यात अनोळखी माणसासारखं भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"याचा अर्थ तसा नाही. इथे अर्थ समजून घ्यायचा असतो, मास्तर. थोडी बुद्धी वापरायची असते."

म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. कुंडीपाशी कुणी हललं नाही.

"ती वापरायची नाही असं लिहून दिलंय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कापड मोजतानाच्या आवाजासारखा होता, चढ नाही, उतार नाही. "तुम्ही टाइप केलं, मी सही केली. कागदाच्या बाहेर एकदाच गेलो होतो, साहेब. आता नाही जात."

परिपत्रकांनी घड्याळ पाहिलं आणि ते चालू लागले. मागोमाग सगळे. रस्ता ओला होता, दुकानं बंद होत होती. समोरून येणारी एक बाई मास्तरांकडे बघून थबकली, मग तिच्यासोबतच्या बाईला काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. मास्तरांचे कान तापले, पण चाल तीच राहिली. एकदाच त्यांनी पायजम्याला हात लावून पाहिला, नाडी नीट आहे ना म्हणून. वाफ त्यांच्या शेजारून चालू लागला, बाईच्या आणि त्यांच्या मध्ये येईल अशा बेताने.

क्लबच्या दारापाशी जाड दोरी होती आणि दोरीपाशी त्याहून जाड दारवान. शेजारच्या पाटीवर चित्रं होती. चप्पल, तिच्यावर लाल काट. अर्धी चड्डी, काट. टोपी, काट. बिनबाह्यांचं बनियन, त्यावर तर दोनदा काट, बहुधा कुणीतरी फार त्रास दिला असावा. दारवानाने चौघांना वरून खाली पाहिलं आणि मान हलवली. मग मास्तरांना पाहिलं. मान थांबली.

तो परिपत्रकांशी बोलला. परिपत्रक त्याच्याशी बोलले. दारवानाने बोटाने मास्तरांच्या कॉलरपासून बुटांपर्यंत एक रेघ ओढली.

"काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणतोय, हे चालतं की नाही त्याला माहीत नाही."

मास्तर पाटीपाशी गेले. एकेका चित्रावर बोट ठेवत खाली आले, दारवानाकडे वळले आणि दोन्ही हात पसरले. लेंग्यावर काट नव्हती. लेंगाच नव्हता. दारवानही वाकला आणि त्याने सगळी पाटी पुन्हा वाचली, मागची बाजूसुद्धा. नोकरीत आलेला हा पहिलाच लेंगा असावा. शेवटी त्याने हाताने 'थांबा' अशी खूण केली आणि विचारायला आत गेला.

आता दोरीच्या बाहेर पाच जण उरले. दार उघडलं की आतून ढोलासारखा ठोका येई आणि दार मिटलं की बंद होई.

"तो नाहीच म्हणणार," परिपत्रक म्हणाले. त्यांनी कोट काढला. आत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "हा घ्या. वर हा घाला, सगळी बटणं लावा. खाली अंधारात पँटच वाटेल. मास्तर, ते आत बसलेत. कापणारा माणूस कुठंय विचारतील. मी काय सांगू, तो रस्त्यात उभा आहे?"

मास्तरांनी कोट हातात घेतला. सवयीने आधी खांद्याची शिवण पाहिली, मग बाही उलटी करून अस्तर.

"घालतो," ते म्हणाले. "पण कलम सात चुकलं, असं लेखी द्या."

"तसं देता येत नाही. प्रत काकांकडे जाते."

"मग दुसरा कागद काढा."

"कुठला दुसरा?"

कोटाची बाही त्यांनी पुन्हा सुलटी केली.

"फाटकाजवळचा. माझी थोरली पहिल्या तारखेला तिथून आत येणार आहे. मला पगार वाढवून नकोय. ही सहलही नको होती. तिनं आत यायच्या आधी तो कागद तिथून निघालेला पाहिजे. उद्या नाही, बघू नाही. आत्ता."

परिपत्रकांनी मास्तरांकडे पाहिलं. नंतर वाफने शपथेवर सांगितलं की त्या वेळी साहेबांचा चेहरा मालकांच्या पुतण्यासारखा दिसत नव्हता, लहान मुलासारखा दिसत होता. त्यांनी फोन काढला आणि कारखान्याच्या फाटकावर लावला. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार. रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, म्हणून त्यांनी स्पीकर सुरू केला.

"कोण?" पहारेकऱ्याचा आवाज झोपेतून नव्हे, झोपेच्या काठावरून आला.

"मी बोलतोय. छोटे साहेब."

"बोला साहेब! जागाच आहे साहेब!"

"फलकाची काच उघडा. डावीकडचा मास्तरांचा कागद काढून टाका."

पलीकडे पहारेकऱ्याने घसा साफ केला.

"साहेब, काचेला हात लावायचा तर लेखी आदेश लागतो. तुमचीच सूचना आहे. माझ्या डोक्यावरच लावलीय, वाचून दाखवू?"

काजबटणवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"नको. मी मेसेज करतो. लेखीच आहे ते."

"चालेल साहेब. पण कुठला कागद म्हणालात? लाल गोल केलेत, तो?"

"कसले गोल?"

"तुम्हाला माहीत नाही होय? काल मास्तरांची थोरली आली होती, दाखले जमा करायला. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, तर पोरगी फलकापाशी थांबली. मी म्हटलं, बाळ, ते नको वाचूस, जुनं आहे. म्हणाली, काका, वाचून झालं. आणि पर्समधून लाल पेन काढलं, ते जाडं असतं ना, कापडावर खूण करायचं? काचेवरूनच गोल काढत बसली. मी अडवणार होतो. पण काचेवर लिहू नये अशी काही सूचना नाही, साहेब."

मास्तरांच्या हातातला कोट खाली घसरला होता, बाही ओल्या फुटपाथला टेकली होती. त्यांच्या ते लक्षात नव्हतं.

"काय लिहिलंय तिनं?" परिपत्रकांनी विचारलं.

"लिहिलं नाही काही. चुका काढल्यात. शुद्धलेखनाच्या. थांबा, टॉर्च मारतो." खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पावलं. "सहा आहेत. एक 'परवानगी'ला आहे. 'दिलगिरी'ला दोन आहेत. 'बुद्धी'लापण आहे, साहेब, ती तर दोन्हीकडे चुकलीय. आणि एक... जाऊ द्या."

"सांगा."

"एक तुमच्या हुद्द्याला आहे. खाली मार्क दिलेत, दहापैकी चार."

परिपत्रकांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. वाफ, पॅकिंगवाला, काजबटणवाला, तिघंही आता कुंडी शोधत होते आणि रस्त्यावर कुंडी नव्हती.

मास्तर फोनजवळ वाकले.

"सहीला गोल आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"कोण, मास्तर? तुम्ही पण आहात होय तिथं!" पहारेकऱ्याचा आवाज खुलला. "नाही हो. तुमच्या सहीपुढं बरोबरची खूण केलीय. चांगली मोठी. लांबूनसुद्धा दिसते."

मास्तर सरळ झाले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला सदऱ्याचं टोक धरलं, मग इस्त्री आठवून सोडून दिलं. चष्मा तसाच पुन्हा डोळ्यांवर चढवला.

परिपत्रक मान खाली घालून मेसेज लिहू लागले. अंगठा भराभर चालला, मग थबकला. त्यांनी एक अक्षर पुसलं, दुसरं घातलं, तेही पुसलं. फोनच्या उजेडात त्यांचं कपाळ चमकत होतं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "परवानगीतला न... साधाच ना?"

"राहू द्या, साहेब."

"नाही, लिहितो ना. दोन मिनिटं."

"लिहू नका. तो कागद तिथंच असू द्या." मास्तरांनी कोट उचलला, ओली बाही झटकली, नीट दुहेरी घडी घालून साहेबांच्या हातात दिला. "आता वाचण्यासारखा झालाय."

दार उघडलं. दारवान बाहेर आला, मास्तरांकडे बघून त्याने खांदे उडवले आणि दोरी बाजूला केली. आत कुणाला काही फरक पडलेला दिसत नव्हता. मास्तरांनी कॉलरचं बटण चाचपलं आणि सगळ्यांत आधी आत पाऊल टाकलं. वाफने धार मोडली नाही ना ते मागून पाहून घेतलं आणि तोही गेला. मग पॅकिंगवाला, मग काजबटणवाला.

दारवान दोरी धरून थांबला होता. परिपत्रक अजून बाहेरच होते, एका हातात कोट, दुसऱ्या हातात फोन.

"हॅलो, साहेब?" पहारेकरी विचारत होता. "मग काय करू? आणि नाही करायचं असेल, तर तेही लेखी द्या."